दांड्यावरची टोपी

विक्रेत्यानं दांड्याला हात घातला आणि ठमी एक पाऊल मागे सरली.

शेणखत पसरायचं ते यंत्र हुबेहूब त्यांच्या जुन्यासारखं होतं. तीच लांबुळकी लोखंडी पेटी, मागे तेच दोन दातेरी रूळ, आणि पुढच्या अंगाला, ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या हात मागे केला की पोचेल असा, रूळ चालू-बंद करायचा तोच दांडा. आवारात आणखी पाच यंत्रं उभी होती, पण दादा नेमका याच्यापाशीच येऊन थांबला. त्याच्या शर्टाची उजवी बाही कोपराशी दुमडून पिनेनं टाचलेली होती.

"हेच पाहू आधी," तो म्हणाला. "ओळखीचं आहे."

ओळखीचं म्हणे! ज्यानं हात खाल्ला त्याच्याशी कसली ओळख ठेवतो हा माणूस?

वर्ष झालं होतं त्या गोष्टीला. सत्तर गाईंचा गोठा. शेण काही कुणाच्या दुखण्यासाठी थांबत नाही. गोठ्यामागचा ढीग खिडकीच्या वर गेला होता, आणि शेजाऱ्यांचं यंत्र मागून मागून त्यांना तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. जुनं यंत्र ठमीनंच हट्टानं भंगारात घालवलं होतं. दांडा आपोआप सरकला, असं तिनं त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं. असलं यंत्र दारात कोण ठेवील? स्वतः ठमी त्यानंतर ट्रॅक्टरवर चढलीच नाही.

खरं काय ते तिला एकटीला ठाऊक होतं. त्यांच्या ट्रॅक्टरचं इंजिन एकदा बंद केलं की पुन्हा चालू होताना नाकी नऊ आणायचं. म्हणून रुळांत ओला गठ्ठा अडकला, तर इंजिन चालूच ठेवून नुसते रूळ थांबवायचे. पेटीत उतरणाऱ्यानं आपली टोपी दांड्यावर अडकवायची. टोपी तिथं आहे तोवर दांड्याला कुणी शिवायचं नाही. हा नियम वडिलांपासूनचा, आणि वडील गेल्यावर दादानं तो ठमीला शिकवलेला. त्या सकाळी दादानं टोपी अडकवली आणि तो आत उतरला. ठमी सीटवर होती. ऊन थेट डोळ्यांत येत होतं. तिनं टोपी काढली आणि डोक्यावर घातली, उगीच घटकाभर. तेवढ्यात दुधाची गाडी फाटकात शिरली. गाडीवाल्याला हात करून ती मागे वळली, तर दांडा मोकळा. दांडा मोकळा म्हणजे काम सुरू. सवयीनं हात गेला.

दादा रुळांकडे तोंड करून वाकला होता. त्याला काही दिसलं नसणार. या एका 'नसणार'वर ती वर्षभर जगत होती.

"हे नको," ठमी घाईघाईनं म्हणाली. "याचा दांडा आपोआप सरकतो."

विक्रेता हसला. "ताई, तीस वर्षं हीच यंत्रं विकतोय मी. ही खिटी बघा. अंगठ्यानं उचलल्याशिवाय दांडा हलायचा नाही. आपोआप कसा सरकेल?" त्यानं दांडा धरून गदागदा हलवला. दांडा ढिम्म.

ठमीनं आपला अंगठा मुठीत दडवला. दादा खाली वाकला. डाव्या हाताच्या अंगठ्यानं त्यानं खिटी उचलली, सोडली. खट्. पुन्हा उचलली. खट्. आता हा वळेल, ठमीला वाटलं. आता वळून माझ्याकडे बघेल, आणि मग या जगात माझं असं कुणी राहणार नाही.

दादा वळला तो विक्रेत्याकडे. "आमचा सरकला," तो म्हणाला. "लोखंडच ते. बिघडतं कधी कधी."

गिऱ्हाइकाशी वाद घालण्यात काय हशील? विक्रेत्यानं मान डोलावली.

"मागचं झाकण उघडलं की आपलं आपण बंद पडणारं आहे का एखादं?" दादानं विचारलं.

ते रांगेच्या टोकाला होतं, ट्रॅक्टरला जोडलेलं. विक्रेत्यानं इंजिन चालू केलं. रूळ घरघरत फिरू लागले. त्यानं मागचं झाकण उचललं. रूळ जागच्या जागी थांबले.

"आणि सीटवरून कुणी दांडा ओढला तर?"

"कितीही ओढू दे. झाकण बसल्याशिवाय रूळ हलणार नाहीत."

"ठमे, चढ वर. ओढून बघ."

कशीबशी ठमी चढली. मागे वळून बघते तर दादा रुळांपाशी उभा, आणि त्याचा डावा हात, उरलेला तो एकच हात, दोन दात्यांच्या मधे.

"दादा, हात काढ!"

"अहो, हे काय करताय!" विक्रेताही ओरडला.

"तुम्हीच म्हणालात ना, हलणार नाहीत म्हणून?" दादा म्हणाला. "ओढ, ठमे."

"मला नाही जमणार. मी नाही ओढायची."

"मी सांगतोय ना, ओढ."

तिनं डोळे मिटले. दात आवळले. दांडा ओढला. इंजिन धडधडत राहिलं. बाकी कुठे काही झालं नाही. तिनं डोळे उघडले, तेव्हा दादा हात विजारीला पुसत होता.

"हेच घेऊ," तो विक्रेत्याला म्हणाला. "कागद करा तयार."

विक्रेता ऑफिसकडे गेला. ठमी तशीच सीटवर बसून होती. ऊन समोरून येत होतं आणि तिला धड काही दिसत नव्हतं. दादा जवळ आला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्या डोक्यावर ठेवली.

"घाल," तो म्हणाला. "त्या दिवशीही ऊन तुझ्या डोळ्यांवरच येत होतं."