दाराकडे उतार

बाथरूमच्या उंबऱ्याला ठेच लागून बाबा पडले आणि व्हीलचेअरवर आले. म्हणून उंबरा काढून मी सगळी फरशी नव्याने बसवून घेतली. खुर्ची थेट शॉवरखाली जावी, एवढंच माझं म्हणणं. पण फरशीवाल्याने उतार नेमका दाराकडे काढला! दोनदा उखडून झालं, तरी पाणी आपलं हॉलमध्येच. त्याच्याशी भांडून भांडून माझा घसा बसला.

आज ऑफिसातून आलो, तर हॉल कोरडा ठणठणीत! बाबा खुर्चीत ऐटीत बसलेले.

"तू नुसता आरडाओरडा करतोस. मी गवंडी बोलावला आणि काम उरकलं."

"काय केलंत?"

"दारात चांगला वीतभर उंचीचा उंबरा घालून घेतला.

आता मला तेवढं उचलून आत ने."