फुलपाखरांसाठी जाळी

बाबा गेल्यावर त्यांची जुनी जीप मी चालवू लागले. राजूर घाट चढताना ती तापायचीच. "मोडीत दे," भाऊ म्हणाला. मन होईना. मोताळ्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी रेडिएटरसमोरची जाळी दाखवली. खिडकीची डासजाळी कापून बाबांनीच बसवली होती. "ताई, हवाच जाऊन नाही राह्यली, इंजिन तापन नाही तं काय? गुरुजीले धा खेपा सांगतलं, काढा हे." "मग?" मी विचारलं. "म्हने, फुलपाखरू चिकटून मेलं का पोरगी रडते. गाडी तापली तं थांबू घाटात." लहानपणी आम्ही दर वेळी एकाच वळणावर थांबायचो. बाबा बोनेट उघडून मला सीताफळ फोडून द्यायचे. जाळी मी स्वतः काढली, घडी करून ठेवली. परतताना घाटात तापमानाचा काटा वर चढला नाही. तरीही त्या वळणावर मी थांबले, बोनेट उघडलं आणि सीताफळ फोडलं.