हुकूम परत म्हणणारा

जहाजाच्या पोटातलं स्वयंपाकघर आणि धोबीखाना दाखवून झाल्यावर आम्हाला वर सुकाणूघरात नेलं. तिथे पाऊल ठेवताच आमचे आवाज आपोआप खाली आले. तिन्ही बाजूंना काच होती आणि काचेपलीकडे भर दुपारचा नुसता समुद्र.

"एवढ्या धुडाला एवढंसं चाक?" मावशी कुजबुजली. "माझ्या स्कूटरचं हँडल याहून मोठं असेल."

कप्तान हसले. "इथे हुकूम दिला की सुकाणूवाला तो परत म्हणतो, मगच चाक फिरवतो. ऐकण्यात चूक नको." मग त्यांनी हुकूम दिला, "डावीकडे पाच."

"डावीकडे पाच," सुकाणूवाला म्हणाला.

"डावीकडे पाच," काचेजवळच्या रिकाम्या कोपऱ्यातून कुणीतरी शांतपणे म्हणालं.

क्षितिज हळूहळू सरकलं. मावशीने माझं मनगट धरलं. "आवाज घुमतोय वाटतं."

"नाही," झोपलेल्या बाळाशेजारी बोलावं तसं कप्तान बोलले. "मी या जहाजावर आल्यापासून तो असाच परत म्हणतो. कधी चुकत नाही. आम्हाला त्याचा आधारच वाटतो."

"चाक मधे," त्यांनी हुकूम दिला. दोघांनीही तो परत म्हटला आणि जहाज सरळ झालं.

मग कुणीच बोललं नाही. त्या शांततेत कोपऱ्यातून आवाज आला, "उजवीकडे दहा."

कप्तानांनी सुकाणूवाल्याकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात चाकावरून उचलून दाखवले.

"तो फक्त परत म्हणतो ना?" मावशीने विचारलं. "मग हुकूम कुणी दिला?"

कप्तानांनी टोपी काढली. समोरचा अख्खा समुद्र सावकाश डावीकडे सरकू लागला.