गोलचा रकाना

गुडघा गेला आणि दवनीवाड्याच्या ओमेशची अकरा वर्षांची फुटबॉलची कारकीर्द संपली. खेळाडू कोट्यातल्या नोकरीचा अर्ज घेऊन तो शेवटच्या तारखेला गोंदियातल्या एका कार्यालयात पोचला.

एकूण सामने : २१४
एकूण गोल : ०

"अकरा साल मैदानात का करून राहिला होता बे? गवत उपटत होता?" खिडकीतल्या बाबूने अर्ज परत सरकवला.

"डिफेंडर होतो, साहेब. दुसऱ्यायचे गोल अडवत होतो."

"ते काम गोलकीपरचं. मले नको शिकवू. शून्यावर नोकरी नाही भेटत."

ओमेशने पँट वर करून गुडघ्यावरचे टाके दाखवले. बाबू अर्जाला जोडलेली पेपरातली कात्रणं चाळत होता. एका कात्रणाशी तो थांबला.

"अरे, पेपरात तुझा गोल छापून आला ना! लपवून काऊन ठेवला?"

त्याने स्वतःच शून्य खोडलं, एक लिहिला आणि शिक्का हाणला.



तो गोल ओमेशच्या पायाला लागून त्याच्याच संघाच्या जाळ्यात गेला होता. हे सांगायला उघडलेलं तोंड त्याने मिटलं.