सहा पायांच्या शोधात

"पाय नीट मोज गं बाई," वासंतीकाकू म्हणाल्या. त्या भोपळ्याच्या फुलांना ब्रशने पराग लावत होत्या. कीटक संपले तेव्हापासून हे काम माणसांवर आलं होतं, आणि काकूंचं मनगट त्यातच कामातून गेलं होतं.

कीटकशोध खात्याच्या सुलेखा सावेने भिंग डोळ्याला लावलं. लोक रोज आशेने बोलवायचे आणि डबीत कधी गोम निघायची, कधी खेकडा. सांध्यांचे पाय सगळ्यांनाच, पण सहा कुणालाच नाहीत.

"आठ पाय आहेत, मिशा नाहीत. कोळी आहे, काकू. कीटक नाही."

"म्हणजे ब्रश काही सुटत नाही! एवढी शिकलीस, दोन पाय कमी मोजले असतेस तर काय बिघडलं असतं?"

सुलेखा थकलेलं हसली. झाकण लावताना मात्र तिचा हात थांबला. हल्ली दिसणारे कोळी एकमेकांना खाऊन जगलेले, वाळके असत. हा टपोरा होता.

"काकू, हा कशावर पोसला?"

काकूंनी ब्रश खाली ठेवला आणि सरपणाच्या ढिगाकडे बोट दाखवलं. तिथल्या जाळ्यात एक पारदर्शक पंख अडकला होता.