डावी स्प्रिंग

त्रेपन्न सालची गोष्ट. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या शेडमध्ये मी एका जुन्या मोटारीच्या पुढच्या स्प्रिंगा काढत होतो. गाडी आक्कासाहेब जहागीरदारांची. त्या गेल्यावर सहा वर्षं ती धूळ खात पडली होती आणि आता धाकट्या मालकांना ती पुन्हा रस्त्यावर आणायची होती.

दाबलेली स्प्रिंग उसळली तर माणसाचा जबडा नेते. माझे दोन दात तसेच गेलेत. म्हणून मी आधी तिला साखळीनं बांधतो, मगच जॅक हळूहळू उतरवतो.

उजवी स्प्रिंग नेहमीसारखी लांब होत मोकळी झाली. डावीखालचा जॅक पार उतरला, साखळी सैल पडली, तरी ती दाबलेलीच राहिली. काठीनं ढकलून मी ती बाहेर काढली. फरशीवरही ती तशीच उभी राहिली. वर भार कसलाच नव्हता. शेडमधलं कुणी जवळ जाईना.

आक्कासाहेबांचे म्हातारे ड्रायव्हर दत्तोबा मघापासून बाजूला बसून बघत होते.

"त्या डाव्या अंगालाच बसायच्या," ते म्हणाले. "पुढं. रस्ता दिसाय पायजे म्हणायच्या."

"मग त्याचं काय?"

"त्या गेल्यापास्नं ते दार कुणी उघडलंय व्हय?"

दत्तोबा उठले. टोपी सारखी केली, गाडीचं डावं दार उघडलं आणि मान लववून हात आडवा धरला, आक्कासाहेब उतरताना त्यांच्या आधाराला धरायचे तसा.

फरशीवरची स्प्रिंग सावकाश वर येऊ लागली. आवाज मुळीच नव्हता.

ती जसजशी वर येत होती, तसतसा दत्तोबांचा हात खाली जात होता.