आधी बर्फावरून उतरणारा

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. बर्फाचं एक मोठं मैदान आहे. एका टोकाला जाळी आहे आणि जाळीसमोर अंगभर पॅड बांधलेला एक माणूस वाकून उभा आहे. समोरून रबराची टणक चकती येते आहे. तिला पक म्हणतात, आणि ती हायवेवरच्या गाडीपेक्षा वेगाने येते. तुम्ही असता तर बाजूला झाला असता. बाजूला न होणं हेच त्या माणसाचं काम आहे. आता असं समजा, की तो तुमचा बाबा आहे.

तो अनयाचा बाबा होता. यतीन त्याचं नाव. आइस हॉकीतला गोली.

सगळं तरुणपण त्याने खालच्या लीगमध्ये, लहान लहान गावांतून बसने फिरत काढलं. वरच्या लीगमध्ये एक मॅच खेळायला मिळावी, एवढंच त्याला हवं होतं. गेल्या आठवड्यात पक त्याच्या मास्कवर आदळला. तो आडवा झाला, उठला आणि मॅच जिंकून दिली. दुसऱ्या दिवशी मोठ्या टीमचा फोन आला. त्यांचा मुख्य गोली आजारी होता.

या खेळात एक रीत आहे, ती नीट लक्षात घ्या. टीममध्ये गोली दोन असतात. संध्याकाळी जो खेळणार, तो सकाळच्या सरावातून आधी बर्फावरून उतरतो. दुसरा मागे थांबून बाकीच्यांचे शॉट अडवत राहतो. कोणी काही जाहीर करत नाही. जाणकार फक्त कोण आधी उतरतो ते पाहतात.

त्या सकाळी अनया आईबरोबर, म्हणजे राधिकाबरोबर, काचेला नाक लावून पाहत होती. दुसरा गोली टायलर तिथेच घुटमळला. बाबा मात्र सरळ दाराकडे आला आणि उतरला.

"आई, बाबा फर्स्ट!"

राधिकाने तिचा हात घट्ट धरला.

तिथून ते तिघं एडिसन गावाला गेले, यतीनच्या वडिलांना, अण्णांना, बोलवायला. यतीन गाडी चालवत होता. ओळखीचं वळण मागे पडलं.

"अरे, राइट घ्यायचा होता ना," राधिका म्हणाली.

"डोक्यात मॅच आहे गं."

अण्णा रिटायर्ड इंजिनीयर. मुलाने कॉलेज अर्धवट सोडलं ते त्यांनी अजून मनातून सोडलं नव्हतं. मित्रांना ते सांगत, "आमच्या यतीनला मार खायचा पगार मिळतो."

"आज खेळणार की बसणार?" त्यांनी दारातच विचारलं. "मागे एकदा बोलावलं होतंस. पूर्ण मॅच तुझी पाठ बघून आलो."

"खेळणार, अण्णा. मी आधी उतरलो. अनयाला विचारा."

"आय सॉ, आजोबा. आय मीन, मी पाहिलं."

अण्णांनी नातीकडे पाहिलं. मग आत जाऊन इस्त्रीचा शर्ट काढला. "संध्याकाळी येतो," ते म्हणाले. "नात खोटं बोलणार नाही."

परत निघताना यतीनने विचारलं, "अण्णा येतायत ना?"

"बाबा, आत्ताच तर हो म्हणाले."

"हो, हो," तो हसला.

संध्याकाळी घरच्या माणसांच्या जागा बोगद्याच्या कठड्याला लागून होत्या. खेळाडू तिथूनच बर्फावर जात. दिवे लागले, नावं पुकारली गेली. जाळीसमोर टायलर जाऊन उभा राहिला. यतीन टोपी घालून बाकावर बसला.

"हे काय?" अण्णा म्हणाले.

"सकाळी तर तो आधी उतरला होता," राधिका पुटपुटली.

शेजारी टायलरची आई होती. ती संकोचून म्हणाली, "सकाळी टायलरलाही कळेना. त्याला वाटलं, यतीन त्याची मस्करी करतोय. कोचने तर कालच दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, टायलर खेळणार म्हणून."

"म्हणजे याला माहीत होतं," अण्णा म्हणाले. "मला आणायला खोटं बोलला. आणि पोरीलाही त्यात ओढलं."

ते उठले. राधिकाने त्यांची बाही धरली म्हणून परत बसले, पण बर्फाकडे पाहीनासे झाले. अनया बाबाच्या पाठीकडे पाहत होती.

मग दुसऱ्या पिरियडमध्ये, म्हणजे मॅचच्या मधल्या भागात, दोन खेळाडू घसरत येऊन टायलरवर आदळले. त्याचं डोकं गोलच्या खांबावर आपटलं. त्याला धरून बोगद्यात आणलं. "आय ॲम फाइन, मला खेळायचंय," तो सारखा म्हणत होता. टीमचे डॉक्टर त्याच्यासमोर वाकले. डोक्याला मार बसला की आठवण जाऊ शकते, म्हणून ते विचारू लागले. काल तुला कोचने काय सांगितलं? आपण कुठून आलो? मी तुला आत्ता काय विचारलं?

टायलरला सांगता येईना. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. कोच मागे वळला आणि त्याने यतीनकडे बोट केलं.

यतीनने टोपी काढली. मास्क चढवला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते अखेर आलं होतं. स्पीकरवर त्यांचंच आडनाव घुमलं आणि अण्णा उभे राहिले. आधी हळू, मग जोरात टाळ्या वाजवू लागले. "माझा मुलगा आहे तो," ते टायलरच्या आईला सांगत होते.

राधिका रडत होती. यतीन बर्फावर पाय ठेवायला दारापाशी पोचला.

अनया कठड्याखालून वाकून बोगद्यात उतरली. तिने डॉक्टरांचा कोट ओढला आणि म्हणाली, "प्लीज, हेच प्रश्न माझ्या बाबाला विचारा."